तुझ्या फोनवरची सून

ती. आईस,
इतक्या लांबून वाकून नमस्कार.

मी बरा आहे. लॉन्ड्रीत दिवसभर वाफ असते, तेव्हा माझ्या थंडीची काळजी करू नकोस. भाजीही आता करपत नाही. खोलीत दुसरी खुर्ची आणून ठेवली आहे. तिच्यावर सध्या माझा कोट बसतो. तुझा गुडघा काय म्हणतो?

हे फोनवरच सांगितलं असतं, पण तुझा फोन स्पीकरवर असतो आणि अख्खं घर कान देऊन ऐकतं.

तुझ्या सुनेच्या व्हिसासाठी वकीलबाईंकडे गेलो होतो. आमचा संसार खरा आहे, याचा पुरावा लागतो. मी ऐटीत फोनची सगळी नोंद पुढे ठेवली. त्यांनी विचारलं, "रोज बोलता तो नंबर बायकोचा ना?"

म्हटलं, "आईचा. ती शेवटी फोन हिच्या हातात देते."

"मग यावर आईंचाच व्हिसा होईल!"

मीही हसलो. खोलीवर येईपर्यंत ते हसू टिकलं नाही.

आई, रागावू नकोस. तुझा आवाज ऐकल्याशिवाय मला झोप येत नाही. पण हिला आता तिच्या स्वतःच्या फोनवरून रोज बोलू दे. ती नोंद अर्जाला जोडायची आहे. तुमच्या सगळ्यांदेखत ती "जेवलात का?" यापुढं काय विचारणार?

आणि आतल्या खोलीत, दार लावून बोलू दे. हे वकीलबाईंनी सांगितलेलं नाही. हे मी मागतोय.

तुझा,
धाकटा