विम्याच्या फॉर्ममधला नववा प्रश्न

आई, काल नवघरच्या आपल्या घरात, तुझ्या ओट्याला लागून असलेल्या टेबलाशी बसून आम्ही आरोग्य विम्याचा फॉर्म भरत होतो. तुझ्या जावयाने मस्कतची नोकरी सोडली, आता तिथेच स्वतःचं काम सुरू करतोय, म्हणजे कंपनीचा विमाही गेला. सुट्टी संपायच्या आत नवा घ्यायचा होता. स्वस्तातला प्लॅन काही विचारत नाही, पण जुनं दुखणं उलटलं किंवा इथे आल्यावर काही झालं तर सरळ हात वर करतो. दुसरा महाग आहे, पण दोन्ही देशांत चालतो आणि वर्षभर थांबल्यावर जुन्या आजाराचाही खर्च देतो. मात्र तो सगळं खोदून विचारतो आणि लपवलेलं सापडलं तर विमाच रद्द करतो. याने दुसरा निवडला आणि चष्मा नाकावर घेऊन एकेक प्रश्न मोठ्याने वाचत, मला न विचारताच माझी उत्तरं भरत सुटला. दमा नाही, साखर नाही, हृदयविकार नाही. नववा प्रश्न होता, कधी फिट किंवा आकडी आली होती का. तिथेही त्याने ‘नाही’ केलं आणि पुढे गेला.

मी नऊ वर्षांची होते. शाळेला सुट्टी असली की तू मला तुझ्या कामावर न्यायचीस, स्टेशनच्या ईस्टला, त्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्याच्या गाळ्यात. तू ताटल्या पुसून कागदात गुंडाळतेयस, मी शेजारी बसून तुझ्या हातात कागद देतेय, आणि पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा माझ्या नाकाशी कोणाची तरी चप्पल होती आणि तू सगळ्या बायकांना सांगत होतीस की पोरगी उपाशीपोटी आली, चक्कर आली. घरी आल्यावर तू मला जवळ घेतलंस आणि मग खांद्याला धरून बजावलंस, “कोणी विचारलं तर चक्कर म्हणायचं. मुलीच्या जातीला हे नाव एकदा चिकटलं की सुटत नाही.” मी पुढे एका मैत्रिणीला खरं सांगितलं, तेव्हा तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मारलं असतंस तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरही तू ईस्टचा नाही निवडलास. रेल्वेचा पूल ओलांडून वेस्टला, पार मोरव्याच्या रस्त्याला, आपल्या ओळखीचं माणूस फिरकणार नाही अशा ठिकाणी जायचं. चाळीत सांगितलंस, मुलीला चित्रकलेच्या क्लासला घातलंय. थाप पक्की व्हावी म्हणून मला रंगपेटी आणि मोठी वही आणलीस. मी दवाखान्याच्या बाकावर बसून डोंगर, सूर्य, झोपडी काढायची आणि परत आल्यावर ते तू दाराशी बसून सगळ्यांना दिसेल असं उलगडून बघायचीस. शेजारची गुजराती बेन भारावलीच. “मेरी बेबी को भी साथ में ले जाओ ना,” म्हणून मागे लागली. तू गडबडली नाहीस. टीचर फार कडक आहे, पोरांना मारते, असं तिला हिंदीत सांगून मोकळी झालीस. रस्त्यात आपण दोघी इतक्या हसलो की तुला कडेला थांबावं लागलं. तुला इतकं हसताना मी फार कमी पाहिलं गं.

गोळ्यांच्या बाटलीवरचा कागद तू पाण्यात भिजवून काढायचीस आणि गोळ्या हिंगाच्या डबीत ठेवायचीस. फॉर्ममध्ये आता औषधाचं नाव मागतात. काय लिहू? मला फक्त हिंगाचा वास आठवतो. हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं, म्हणून परवाच मी कोणाला न सांगता वेस्टला जाऊन आले, जुने कागद मिळतात का बघायला. तिथे टॉवर उभा आहे, दवाखाना कुठे गेला ते वॉचमनलाही माहीत नाही. चौदाव्या वर्षानंतर मला कधी फिट आली नाही. पण गेल्या महिन्यात मस्कतला भाजी चिरताना डावा हात आपोआप उडाला आणि मधले काही क्षण कुठे गेले ते मला कळलं नाही. म्हणून ‘नाही’ ही खूण तशीच राहू देण्याची मला भीती वाटली.

“नवव्यात हो कर,” मी म्हटलं.

कोणासाठी, असं त्याने विचारलं. मी माझ्यासाठी म्हटल्यावर त्याने लॅपटॉप बाजूला सारला. मग मी सगळं सांगितलं, परवाची फेरी आणि गेल्या महिन्यातला हातही. तो चिडला नाही. हाताचं आधी का नाही बोललीस एवढंच म्हणाला. मग त्याने विचारलं, “लग्नाआधी का नाही सांगितलंस?”

“आईने शपथ घातली होती,” मी म्हटलं.

त्याने ‘हो’वर टिक केलं, मस्कतच्या डॉक्टरांची वेळ घेतली, माझ्यासाठी चहासुद्धा केला. पण आई, दर सुट्टीत इथे आला की रोज अंघोळ करून तो हॉलमधल्या तुझ्या फोटोला हात जोडतो. तू जाऊन बारा वर्षं झाली तरी त्याने हे सोडलेलं नाही. आज सकाळी तो फोटोसमोरून तसाच निघून गेला.

तुला तर माहीतच आहे काय झालं होतं ते. साखरपुड्याच्या दोन दिवस आधी तू गाळ्यातून आलीस ती हातपाय न धुताच माझ्यासमोर बसलीस. म्हणालीस, “लोकांपासून लपवलं, त्याच्यापासून नको. तू सांग, नाहीतर मी सांगते.” आणि मी रडून गोंधळ घातला, तुझा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि कधीच सांगणार नाही असं तुझ्याकडून वदवून घेतलं. शपथ मी घातली होती. तू मरेपर्यंत पाळलीस.

तो आत्ता खाली फॉर्मची प्रिंट काढायला गेलाय. आला की त्याला हे सांगेन, असं लिहून पत्र संपवणार होते. पण तुझ्याशी तरी खरं बोलावं. बहुतेक नाही सांगणार.