हाडाशी कच्चं

५ ऑक्टो., रविवार. मुदखेड
स्टेशनजवळच्या दुकानातला आइस्क्रीमचा फ्रीज. पंखा जळालेला, बदलला. मग शेजारच्या हॉटेलात भट्टीची कोंबडी. दसरा झाला, लोकांचे उपास सुटले, भट्ट्या पेटल्या.
मांडी चांगली, छाती कोरडी. काळं तिखट पिशवीतलं, घरचं नाही. तीळ नाहीतच. दहापैकी पाच.
यादी आजपासून सुरू. नांदेड जिल्हा ते लातूर, फिरतीवर जिथे भट्टीची कोंबडी मिळेल तिथे खायची. जे असेल ते लिहायचं, मग मोबाईलवर तारे द्यायचे. सगळ्यात खाली मा.चं लातूरचं हॉटेल. माझा मेहुणा, उषाचा सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं. त्याचं पूर्ण नाव या वहीत लिहायचं नाही, हे तीन वर्षांपूर्वीच ठरलंय.
खोटं मात्र लिहायचं नाही. खोटं लिहिलं तर ती चुगली होते, सूड होत नाही.

७ ऑक्टो., मंगळ. धर्माबाद
इथली मिरची थेट कानात जाते. चिंचेचं पाणी लावतात, तेलंगणाची सवय. साल करपलेली. आचाऱ्याला तसं सांगितलं तर म्हणाला, "भट्टी आमच्या बापाची हाय साहेब. तुम्ही फ्रीज बगा." माणूस आवडला. सहा.
शेजारच्या टेबलावर एकाने मांडी मोडली, हाडाजवळ लाल. "कच्चं हाय" म्हणून ताट सरकवलं. मी उठून सांगणार होतो की बाबा, कच्चं नाही, बर्फातलं आहे. कोवळ्या कोंबडीचं हाड गोठलं की आतलं रक्त बाजूच्या मांसात उतरतं. मग कितीही भाजा, ते लालच दिसणार. फ्रीजच्या धंद्यात आल्यावर हे कळलं. आधी कळलं असतं तर...
गप्प बसलो. ज्याच्या वेळी कुणी उठलं नाही त्याने दुसऱ्यासाठी का उठावं.

९ ऑक्टो., गुरु. घरी
जेवताना उषा म्हणाली, "आवंदा भाऊबीजेला काय करायचं?"
"काय करायचं म्हणजे?"
"न्हाई, विचारलं."
भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. हिचा भाऊ लातुरात धडधाकट, आणि ही तीन वर्षं गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते. मीच बंदी घातली. शेजारच्या काकू विचारतात, ती काहीतरी सांगते. मला लाज वाटते. लाज वाटली की राग येतो, आणि तोही मा.चाच येतो.

१० ऑक्टो., शुक्र. अर्धापूर
केळीच्या बागांमधून जाताना अण्णांचं फाटक लागतंच. दुसरा रस्ता नाही. मान वळवून गेलो.
आज लिहूनच टाकतो. अण्णांच्या नातवाचं जावळ. माझ्या भट्टीला मिळालेलं पहिलं मोठं काम, अख्ख्या गावाची पंगत. महिनाभर आधी ठरलं होतं, एकादशी झाली की दुसऱ्या दिवशी. कॅलेंडरवर एकादश्या दोन होत्या, सोमवारची स्मार्त आणि मंगळवारची भागवत. मी पहिली धरली. त्यांच्या घरी दुसरी धरतात. सोमवारी संध्याकाळी निरोप आला की उद्या आमचा उपास, परवा या. एका रात्रीत मी मंडप पुढे ढकलला, कोळसा, कांदे, केळीची पानं, वाढपी, सगळं. एवढं चोख काम मी आयुष्यात केलं नव्हतं.
बुधवारी सकाळी मा. टेम्पोतून कोंबड्या घेऊन आला. कापलेल्या, गारठलेल्या. नांदेडच्या कोंबडीवाल्या सलीमभाईकडून त्या जिवंत येऊन इथे कापायच्या होत्या. "कापून का आणल्यास?" "वेळ वाचतो दाजी." कामाची घाई होती, विश्वास ठेवला.
पहिली मांडी अण्णांच्या पानात. त्यांनी मोडली, बघितली, खाली ठेवली. "हाडाशी कच्चं हाय." एवढेच शब्द. उठले. त्यांच्यामागे अख्खी पंगत उठली.
मी सगळ्यांसमोर मा.ची कॉलर धरली. त्याने मान खाली घातली. "चुकलं दाजी." म्हणजे कबूलच केलं ना. चार महिन्यांत माझी भट्टी बंद, आणि वर्षात त्याची लातुरात सुरू. मसाला माझा, पानात दम द्यायची रीत माझी, माणसंसुद्धा माझीच.
अर्धापूरला काही खाल्लं नाही. इथे घास उतरत नाही.

१२ ऑक्टो., रवि. लोहा
ढाब्यावर भट्टीसमोर एक बाई. एका हाताने पंखा, दुसऱ्या हाताने सळई, तोंडाने नवऱ्याला शिव्या. कोंबडी मात्र मऊसूत. तीळ भाजून, जाडसर कुटून. आठ. आजवरची पहिली.
पलीकडचा ट्रकवाला म्हणाला, "लातूरला खाल्ली का तुम्ही? तिथं मांडी आणली की गिऱ्हाइकासमोर मोडून हाड दावतेत. लई भारी."
हाड दाखवतात. माझ्या पंगतीत जे घडलं त्याची हा रोज, प्रत्येक टेबलावर नक्कल करतो आणि लोक टाळ्या वाजवतात. घास तोंडातच फिरत राहिला. बाईने विचारलं, "तिखट झालं का?" हो म्हणालो.

१४ ऑक्टो., मंगळ. लातूर
गेलो. टोपी डोळ्यांपर्यंत, तोंडाला रुमाल, धुळीतून आलाय म्हणावं असा. मा. गल्ल्यावर नव्हता. गल्ल्यामागे भिंतीवर त्याच्या आईचा फोटो, माझी सासू. मला बघत होती.
वाढप्याने ताट ठेवलं, मांडी उचलली, सांध्यात कट्कन मोडली, हाड माझ्याकडे केलं. पांढरं, स्वच्छ. "बघा साहेब." तोंडपाठ झाल्यासारखं.
खाल्ली. काय लिहू. माझीच आहे. कच्ची पपई माझ्या मापाने, काळं तिखट उषाच्या आईच्या हातचं असायचं तसं. केळीच्या पानाचा वास शेवटी येतो, तिथेच येतो. तीळ किंचित जास्त भाजलेत, दम थोडा कमी. तरी नऊ. नऊच. लोह्याच्या बाईपेक्षाही वर.
बाहेर आलो. टपरीवर चहा सांगितला, मोबाईल काढला. नाव दुसरंच टाकलं. एक तारा. आणि लिहिलं: "हाडाशी कच्चं. तीळ उतरवायला उशीर होतो. पानातला दम अपुरा."
पहिले दोन शब्द खोटे आहेत. माहीत आहे मला. माझ्याही पानात कुणी खरं वाढलं नव्हतं.

१५ ऑक्टो., बुध.
सकाळपासून सात वेळा मोबाईल बघितला. आहे, तारा तिथेच आहे. त्याच्याखाली एकाने लिहिलंय, "आता जावं की नाही विचार करतोय." वाचून पोटात गार वाटलं. आंघोळ करताना गुणगुणत होतो. उषा म्हणाली, "बोनस मिळाला का?"
तीन वर्षांत पहिल्यांदा दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१७ ऑक्टो., शुक्र. एकादशी
आज कोंबडी नाही. साबुदाणा.
दुपारी तिथे उत्तर आलेलं दिसलं. हॉटेलच्या नावाने.
"साहेब, तिळाचं बरोबर आहे. आमचे दाजी होते तेव्हा वेळेवर उतरायचे. दमाचंही बरोबर. हाड मात्र तुमच्यासमोर मोडलं होतं. पुन्हा या. सांगून या."
ओळखलं. नाव बदललं पण जिभेला हाड नाही, तीळ आणि दम लिहून बसलो. एवढं कळणारा त्याच्या ओळखीत मी एकटाच. आणि कसं गोड लिहिलंय बघा, चार लोकांत मलाच लहान करून. खाली सगळ्यांनी अंगठे दिलेत.
ठीक. आता तारा पुरे नाही. त्या दिवशी कोंबड्या बर्फात त्यानेच घातल्या हे सलीमभाईच्या तोंडून वदवून घेतो, मोबाईलवर बोलणं भरून घेतो, आणि टाकतो त्याच्या उत्तराखाली. चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते लातूरला कळू दे.

१९ ऑक्टो., रवि. नांदेड
सलीमभाईचं दुकान. तीन वर्षं त्याच्याही दुकानावर पाय ठेवला नव्हता. त्याचा फ्रीजर बिघडला तरी दुसऱ्या मेकॅनिकला पाठवायचो. म्हातारा झालाय. "या बालाजीभाऊ, वाट चुकला का?"
मोबाईल खिशात चालू करून ठेवला. विचारलं, त्या जावळाच्या कोंबड्या बर्फात कुणी ठेवल्या?
"मी ठेवल्या."
कुणाच्या सांगण्यावरून?
तो उठला, मागच्या खोलीत गेला. चिठ्ठ्या ओवलेल्या तारा घेऊन आला, चारपाच, गंज चढलेल्या. थुंकी लावून उलटत बसला. एक काढून समोर धरली.
माझं अक्षर. खाली माझी सही. "अर्धापूर अण्णांकडचं काम. मंगळवार. पहाटे कापून तयार ठेवणे."
"मी काय माझ्या मनानं कापीन?" म्हणाला. "मंगळवारी फजरला कापल्या. तुम्ही आला न्हाई. फोन लावला, लागंना. मग माधवला लावला. तो बोलला, फेकू नका, फ्रीजरमधे टाका, दाजीला मी सांगतो."
मंडप, कोळसा, कांदे, पानं, वाढपी. सगळं बुधवारवर ढकललं. कोंबड्यांचं कुणालाच कळवलं नाही. "कापून" हेही मीच लिहिलेलं. जिवंत आणायच्या हे मी नंतर मनात ठरवलं असणार, आणि तीन वर्षं तेच खरं मानत आलो.
"पंगत मोडली तवा माधव आला होता माझ्याकडं," सलीमभाई म्हणाला. "बोलला, चिठ्ठीचं कुणाला सांगू नका. दाजीचं नाव गेलंच. ते आपल्याच हातानं गेलं हे कळलं तर तो माणूस भट्टीत उडी घालील."
मोबाईल खिशात चालूच होता. घरी येऊन सगळं पुसलं. चिठ्ठी मागून घेतली आहे.

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन
दोन दिवस लिहिलं नाही. झोप नाही.
लिहायला बसलो की राग येतो आणि तो कुठे ठेवायचा कळत नाही. माफ करणारा हा कोण? माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. मी मागितली होती माफी? त्या दिवशी तोंडावर चिठ्ठी फेकली असती तर भांडलो असतो, रडलो असतो, उठून पुन्हा भट्टी लावली असती. त्याने मला दुश्मन पुरवला. तीन वर्षं त्याच्यावर जगलो. आता तोही काढून घेतला.
आणि "वेळ वाचतो दाजी" हे खोटं होतं. ते तरी त्याचंच. बुधवारी सकाळी खरं बोलला असता तर काहीतरी केलं असतं. एवढं मी धरून ठेवणार आहे.
एक तारा काढायला मोबाईल उघडला. काढला नाही. फटाक्यांचा आवाज सहन होत नाही म्हणून दार लावून बसलो. उषाने पूजेला हाक मारली, गेलो, तिच्याकडे बघितलं नाही.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज
दुपारी माधवला फोन केला. (नाव लिहिलं. राहू दे.)
"दाजी?"
म्हटलं, "तीळ लोखंडी कढईत भाजतोस का?"
"हाव."
"मातीचं खापर घे. लोखंड खाली उतरवलं तरी भाजत राहतं."
"बरं दाजी."
मागे त्याच्या हॉटेलातल्या भांड्यांचा आवाज.
"चिठ्ठी सापडली," मी म्हटलं.
"फाडून टाका म्हणलो होतो म्हाताऱ्याला."
"का लपवलीस? तुला काय मिळालं?"
मग म्हणाला, "तुमचा राग माझ्यावर होता तवर मी लांब लातुरात होतो, दाजी. तुमचा तुमच्यावर आला असता तर तिथं घरात ताई हाय."
उषावर मी कधी हात उचललेला नाही. पण भट्टी बंद झाली त्या वर्षी मी ताटं किती फेकली, आणि ती न बोलता किती वेळा फरशी पुसत बसली, हे त्याला कसं कळलं? तिने सांगितलं नसणार. त्याला आधीच ठाऊक होतं.
"साडेसहाला ओवाळते ती," मी म्हटलं.
"चंद्राला. ठाऊक हाय."
मी फोन ठेवला. ये म्हटलं नाही. माझी जातच तशी. आला तर आधी भांडणार आहे, त्या टेम्पोतल्या खोट्यावरून. तारा अजून काढलेला नाही. तो त्याच्यासमोर काढीन.

साडेसहा. गच्चीच्या पायरीवर बसून लिहितोय. चंद्र दिसला, नखाएवढा, पाण्याच्या टाकीच्या अगदी वर. बीजेचा चंद्र फार थांबत नाही. उषाने ताट उचललं.
"थांब जरा," मी म्हटलं.
तिने वळून बघितलं. "कुणासाठी?"
चिठ्ठी खिशात आहे. आधी तिला दाखवावी की...
चंद्र टाकीमागे अर्धा गेला. खाली गल्लीत गाड्या येतात, जातात. तिने ताट कठड्यावर ठेवलं, खाली जाऊन तेलाची वाटी आणली आणि दिव्यात आणखी तेल घातलं.