डोलकाठीखालचे देव

मार्चची पहिली. सकाळ.
ओस्तियाच्या धक्क्यावर मासे विकणारा गुलाम ते स्वतःच्या होडीचा मालक! एवढी मजल स्वकष्टानं मारणारा या बंदरात मी एकटाच. बाकीचे नशिबानं वर आले. इदेसला, म्हणजे पंधरा तारखेला, होडी शीड उभारून दीपस्तंभापर्यंत गेली आणि परत आली, की नावाड्यांच्या मंडळात जागा. मग मीही त्यांच्या पंगतीत लोडाला टेकणार.

डोलकाठीच्या बुडाखाली, खोबणीत, काशाचं एक नाणं ठेवायची रीत आहे. वेरेकुंडस मिस्त्री म्हणाला, मालक, फोर्तुनादेवीचं ठेवा, नाण्यावर तिच्या हातात सुकाणू असतं. ठीक. एकच नाणं. मी डळमळणाऱ्यांतला नाही.

मार्चची दुसरी.
डोलकाठी उद्या बसवू. फोर्तुना म्हणजे नशीब. ते तर माझ्या कामी कधी आलंच नाही. धंद्याचा देव मर्क्युरी, तोही ठेवला. दोनच. तेवढीच तिला सोबत.

मार्चची सहावी, नोनेसच्या आदल्या दिवशी.
थाल्लुसा म्हणाली, अहो, जाताय समुद्रात आणि नेपच्यूनला विचारायचं नाही? तुमच्या दुकानातून कोणी न विचारता मासे उचलले तर चालेल? बायको मुद्द्याचं बोलते. नेपच्यून ठेवला. मग जुन्या, जाडजूड नाण्यावरचा दोन तोंडांचा जानुस. जाणं-येणं दोन्हीकडे लक्ष. बस्स. आता कोणी नाही.

नोनेस.
हर्क्युलिस ठेवला. ताकद लागतेच.

डोलकाठी बसली. मिस्त्री ओळंबा धरून म्हणाला, मालक, खाली चौथरा बांधलाय का? बूडच टेकत नाही. काही देव काढा.
कोणाला काढू? ज्याला काढीन तोच डूख धरणार. म्हटलं, पाचर मार. म्हणाला, मारतो, पण मी होडीत पाय ठेवणार नाही. मोठं स्वप्न पाहायला छाती लागते.

समोरचा मासेवाला फिलेरोस येऊन मान वाकडी करून बघत राहिला. म्हणाला, अमारान्तुस, तुझी काठी अगदी तुझ्यावर गेलीय रे! सणाच्या संध्याकाळी तूही असाच उभा असतोस.
जळतो.

इदेस.
धक्का माणसांनी फुललेला. वारा उत्तम. शीड फुगलं. मी लोकांना हात केला. डोलकाठीनंही मान डोलावली. मग आडवीच झाली.

दीपस्तंभ समोर दिसत होता, हे नमूद करतो.

फिलेरोसनं दोर टाकून ओढत आणलं. वाटभर गात होता. आवाज भिकार.

घरी विचार केला तेव्हा चूक सापडली. एक देवी राहूनच गेली. मिनर्वा, अकलेची! तिचं नाणं कमरेच्या थैलीतच होतं. थाल्लुसा म्हणाली, अहो, ती होडीत नव्हती हे सगळ्या बंदरानं पाहिलं.

इदेसच्या दुसऱ्या दिवशी.
मंडळाचा माणूस दारात! पंगतीचं बोलावणं आलं. टोपलीभर ताजे बोईट मासे घेऊन यायचं, पहाटेच, मागल्या दारानं.
मागलं दार घरच्याच माणसाला दाखवतात.