बाईसाहेबांचा स्वेटर

२ मार्च
दुपारी चारही कोंबड्या तपासल्या. चष्मा लावून, पंख उचलून, शेपटीखालीसुद्धा. एकही किडा नाही. नणंद उगाच म्हणते, की वहिनी, तुझ्या कोंबड्यांना काहीतरी लागलंय. काही लागलेलं नाही. हवा बदलतेय.
अंडी : एक.

३ मार्च
नणंदेने कुंपणावरून विचारलं, की चौघींत मिळून एक अंडं, बाकीच्या तिघी रजेवर आहेत का. मी म्हटलं, पिसं झडायचे दिवस आहेत. ती म्हणाली, मग झडलेली पिसं कुठायत? शिवणकाम करते, तोंडही मशीनसारखंच चालतं. हे गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून रोज माझी अशी हजेरी घेते.
कोंबड्या मुळात ह्यांच्या. जाडी, भित्री, मास्तरीण आणि बाईसाहेब. बाईसाहेब ह्यांच्या मांडीवर बसून रेडिओ ऐकायच्या. त्यांचा तुरा आज जरा फिका वाटला. उजेडामुळे असेल.

५ मार्च
वाचनालयातून कुक्कुटपालनाचं जाडं पुस्तक आणलं. शाळा चौथीत सुटली, पण हाती घेतलेलं पुस्तक मी सोडत नाही. त्यात लिहिलंय, की एक लाल किडा असतो, टाचणीच्या टोकाएवढा. दिवसा फटीत, कापडात लपतो आणि अंधार पडला की कोंबडीवर चढून रक्त पितो. आमच्याकडे तसलं काही नाही. मी दुपारीच तपासलंय.
पुढे म्हणे, घरट्यातलं जुनं कापड काढून जाळावं. लेखकाने आयुष्यात कोंबडी पाळलेली दिसत नाही.
आणि आमच्याकडे कापड नाहीच. बाईसाहेबांच्या घरट्यात ह्यांचा तपकिरी स्वेटर अंथरलाय, एवढंच. मी विणलेला पहिला स्वेटर. डावी बाही चार बोटं लांब झाली होती. हे शेवटपर्यंत ती दुमडून वापरत राहिले. स्वेटर म्हणजे कापड नव्हे.

७ मार्च, सकाळी
अंगाला खाज. नवा साबण मानवत नाही.

संध्याकाळी सहा
कोंबड्या खुराड्यात शिरेनात. जाडी नळावर चढून बसली, मास्तरीण माझ्या डोक्यावर. आत उकडत असेल. फक्त बाईसाहेब आत जाऊन आपल्या जागी बसल्या. वळण असतं एकेकीला.

८ मार्च
पुस्तकातला राखेचा उपाय केला. चौघींना चाळलेल्या राखेत घोळवलं. मास्तरीण शिंकली, मग मी. जाडी निसटली आणि नणंदेने वाळत घातलेल्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पडद्यांपाशी जाऊन तिने पंख झटकले. नणंद म्हणाली, की पडद्यांचे पैसे फेडशील तेव्हा फेडशील, आधी घरटं उघडून बघ. मी म्हटलं, घरटं स्वच्छ आहे. बघितलं नाही, पण मला माहीत आहे.

१० मार्च
आज आंघोळ. टब, कोमट पाणी, लहान मुलांचा शाम्पू. भित्री बुडाली असं समजून मी ओरडले. ती मजेत होती. मीच जास्त भिजले. मग हेअर ड्रायर. बाईसाहेब डोळे मिटून मान उंच करून बसल्या, सलूनमध्ये बसल्यासारख्या. दुपारी तपासणी : किडे शून्य. मोहीम फत्ते. बाईसाहेबांना परत स्वेटरवर बसवलं.

१२ मार्च
अंडी : शून्य. साबण बदलला. खाज तशीच. पाणी जड असावं.

१३ मार्च
बाईसाहेब घरट्यातून उठल्या नाहीत. तुरा कागदासारखा पांढरा. टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.
त्यांनी विचारलं, की घरट्यात काय अंथरता. मी म्हटलं, पेंढा. पेंढाही आहे, म्हणजे हे खोटं नाही. मग माझ्या मनगटाकडे बघून म्हणाल्या, आजी, हे काय? मी म्हटलं, तिखट सांडलं असेल. तिखट चालत चालत कोपरापर्यंत गेलं.
औषध दिलं. म्हणाल्या, की रक्त फार कमी झालंय, किडे राहतात ती जागा साफ केली नाही तर ही चार दिवस काढणार नाही.

१४ मार्च
दिवसभर खुराडं घासलं. फळ्या काढल्या, फटींत उकळतं पाणी ओतलं, औषध मारलं, पेंढा जाळला. कंबर गेली. स्वेटर झटकून परत ठेवला. तो आपल्या घरचा आहे.
झटकताना नाकाला लावून बघितला. कोंबडीचा वास आला. ह्यांचा आतल्या बाजूला असेल.

१५ मार्च
बाईसाहेबांनी मान टाकली. मी हाक मारली तर एकच डोळा उघडला. नणंद शिलाई टाकून आली. काही न विचारता तिने आत हात घातला, स्वेटर ओढला आणि उलटा केला. काखेच्या शिवणीत लाल रांग. चालणारी.
ती म्हणाली, की वहिनी, यात दादा नाही गं, सगळे भाडेकरू आहेत. मी म्हटलं, ठेव तो. ती म्हणाली, दोन्ही नाही ठेवता येणार, एक काय ते सांग.
शेवटच्या आठवड्यात हे एकच म्हणाले होते, बाईसाहेबांकडे बघ. स्वेटरकडे बघ असं म्हणाले नव्हते. हे मी नणंदेला सांगितलं, तर तीच रडायला लागली. मला तिला पाणी द्यावं लागलं.
जाळणार नाही. उकळणार. लोकर उकळू नये हे मला चाळीस वर्षं विणून माहीत आहे. पण मंद आचेवर, नीट लक्ष ठेवून केलं तर काही होत नाही.

१६ मार्च
झालं. वीतभर उरलाय.

२२ मार्च
अंडी : दोन. खाज थांबली, पाणी सुधारलं असावं. बाईसाहेबांनी सकाळी दाणे टिपले, मास्तरणीला टोच मारली. तुरा गुलाबी.
नणंद पडद्यांचा हिशेब सांगायला आली, तो राहूनच गेला. दोरीवरचा स्वेटर बघून म्हणाली, की हा दादाच्या अंगठ्यालासुद्धा झाला नसता. मग दोघींनी मिळून तो बाईसाहेबांना घालून पाहिला. बेतून विणल्यासारखा बसला. पंख बाह्यांत गेले. त्या अंगणभर मिरवून आल्या.
डावी बाही अजून लांबच आहे. पायात येते, बाईसाहेब अडखळतात. दुमडून घ्यायचं त्यांना सुचत नाही. ह्यांना सुचायचं.