संध्याकाळची गोळी

पापडी,
१२ ऑगस्ट २००९

प्रिय सॅन्टन,

दोन महिने झाले, तू दवाखान्यात फिरकला नाहीस. फोनही उचलत नाहीस. शाळेत गृहपाठ झाला नसला की पेरूच्या झाडावर जाऊन बसायचास आणि बाई मला शोधायला पाठवायच्या. पन्नाशी आली तरी तेच चाललंय तुझं. मी मात्र दमले आहे रे. एचआयव्हीचे पेशंट बघायला लागून बारा वर्षं झाली, आणि हल्ली सकाळी दवाखान्याचं कुलूप उघडायलाही जिवावर येतं.

पाच वर्षांत तुझी औषधं तीनदा बदलली. दर वेळी चार महिने बरे जायचे, मग पुन्हा ताप, पुन्हा वजन खाली. डबे मोजावेत तर बरोबर रिकामे! मला वाटलं, गोळ्या केळीच्या बुंध्यात टाकतोस आणि माझ्यासमोर साळसूदपणे बसतोस. म्हणून त्या दिवशी ओरडले, मरायचंच असेल तर खुशाल मर, माझा वेळ खाऊ नकोस. डॉक्टरने असं बोलू नये. मैत्रिणीने तर नाहीच.

त्यानंतर आठवड्याने डेल्फिन एकटीच आली, नवऱ्याला न सांगता. खुर्चीत बसली आणि रडत सगळं बोलली. सकाळची गोळी तुझी, संध्याकाळची तिची. गावात कळेल म्हणून ती तपासणीला यायला तयार नव्हती, आणि तू मला सांगून मोकळा झालास की तिला काही नाही. दुसऱ्या कुणाकडे मी बायकोच्या तपासणीचा कागद मागितला असता. तुझ्याकडे नाही मागितला, ही माझी चूक. अर्धी भाकरी वाटून खाता येते सॅन्टन, ही गोळी नाही. ना तुला गुण आला, ना तिला.

दोघांच्या रक्ताचे रिपोर्ट मुंबईहून आलेत. अर्ध्या औषधाने विषाणू निर्ढावलाय, जुनी औषधं आता दोघांनाही लागू पडणार नाहीत. नवी एकच जोडी उरली आहे, त्यापुढे माझ्याकडे काही नाही. हमी देत नाही, पण आशा आहे. आज डेल्फिनच्या नावाचा डबा उघडून पहिली गोळी तिच्या हातावर ठेवली. तिने ती परत डब्यात टाकली. सॅन्टन घेईल तेव्हाच घेईन, म्हणाली. तासभर समजावलं, ऐकत नाही. हे पत्र तिच्याच हाती देतेय. माझ्यावरचा राग खुशाल ठेव, पण शनिवारी ये. तू आला नाहीस तर ती जाईल रे.

तुझीच,
सुहासिनी