बेगाइमच्या हातात कोणी मांस ठेवू नये

मी सबीरा जुमालिएवा, वय एकावन्न, राहणार कोचकोर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. बिघडलंय ते यकृत. डोकं शाबूत आहे. दिरांनी उगाच वकील गाठू नये.

घर, अंगण आणि लोकरीचे नमदे शिवायचं सगळं सामान माझी आणि माझ्या दिवंगत नवऱ्याची एकुलती मुलगी बेगाइम हिचं. तिला जन्मतः असा आजार आहे की मांस, दूध, साधा नानसुद्धा तिच्या मेंदूला विष. तिचं अन्न तोलून द्यावं लागतं. तो वजनकाटाही तिचाच.

दीर तलांत यांना भिंतीवरची सात पूर्वजांच्या नावांची चौकट. दोष आईबापांच्या दोन्ही घरांतून आला, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा हे दीर म्हणाले, "वहिनी, आमच्या रक्तात असलं काही नसतं." आता निवांत बसून सातही जणांना विचारावं. घरावर डोळा ठेवून "पोरीला मी सांभाळतो" म्हणणाऱ्या या गृहस्थांना तिचं पालकत्व मिळू नये. ते शेजारीण गुलझात हिच्याकडे असावं. "एवढ्याशाने काय होतंय?" असं तिने कधीही म्हटलं नाही.

सासूबाई बुरुल यांना मांस शिजवायची मोठी कढई. बेगाइम दोन वर्षांची असताना मी इस्पितळात पडले आणि उन्हाळाभर ती त्यांच्याजवळ वर डोंगरातल्या कुरणावर राहिली. "मांसाशिवाय कुठे पोर वाढतं? सून लेकराला उपाशी मारतेय," म्हणत त्यांनी प्रेमाने घास भरवले. पोर खाली आली ती गुटगुटीत आणि मुकी. येत होते तेवढे शब्दही गेले. त्या प्रेमावर मी थुंकते.

माझ्या मयताला घोडा कापाल, आणि रिवाजाप्रमाणे जो तो मांसाचा वाटा पिशवीत घालून पोरांसाठी घरी नेईल. खुशाल न्या. पण आईवेगळी म्हणून कळवळून कोणी बेगाइमच्या हातात वाटा ठेवला, तर त्याला दाराबाहेर काढावं. हे काम गुलझातला सांगत होते, ते बेगाइमने ऐकलं. ती आता सोळा वर्षांची आहे, सावकाश बोलते. मला म्हणाली,

"अपा, मी काढीन."

"आजी असली तर?"

"कुरणावरून आल्यावर तू मला पहिला शब्द कोणता शिकवलास?"

'नको.' तो यायला वर्ष गेलं होतं. सबब हे काम तिच्याकडे.

साक्षीदार: अनारा सुयुनबाएवा, शिक्षिका. जोलदोश कादिरोव, खाटीक; माझ्या घरी येताना कायम रिकाम्या हाताने आला.

सही: सबीरा जुमालिएवा
कोचकोर, ३ नोव्हेंबर २०२३