निळ्यांवर लावलेली सुट्टी

१ फेब्रुवारी, गुरुवार

"पॉलिनला विचारा, तिला आधीच कळतं."

आई हे चर्चच्या मैदानावर सगळ्यांसमोर म्हणाली होती. मी नऊ वर्षांची असेन. आमच्या नंदाखाल गावातल्या दोन आळ्यांची फुटबॉलची मॅच होती. कोण जिंकणार ते मी आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं. आपल्याला काय देणगी आहे हे लहानपणीच कळलेलं बरं.

इथे आखातात, रास अल खोरच्या या ऑफिसात मात्र ते अजून कुणाला कळलेलं नाही.

आमचं काम कस्टम्सच्या कागदांचं. टेबलं दोन: एक माझं, एक देवांशचं. दोघांपैकी एकाने जागेवर असायलाच हवं. आणि दोघांनाही मार्चचा दुसरा आठवडा हवा आहे. आमचे बॉस हम्माद सर म्हणाले, यल्ला, आपसात ठरवा. आणि पॅन्ट्रीत गेले. ते अमेरिकेत शिकलेले, त्यामुळे जानेवारीपासून अख्खं ऑफिस अमेरिकन फुटबॉलचं भक्त झालं आहे. आता फायनल आहे, तिला सुपर बोल म्हणतात. कोण जिंकणार यावर दिवसभर वाद. कंटेनर पोर्टवर पडून.

११ मार्चला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. दोन वर्षं ती टाळत होती, "पॉलिन आली की करू." शेवटी माझ्या भावाने, जेसनने, तारीख घेतली.

देवांशला मित्रांबरोबर जॉर्जिया या देशात जायचं आहे. बर्फ बघायला.

ऑफिसात मी कारण सांगितलेलं नाही. का सांगावं? सुट्टी मागायची माझी पद्धत अशी, की समोरच्याला आपोआप कळावं.

५ फेब्रुवारी, सोमवार

आपोआप कळलेलं नाही.

देवांशने विचारलं, का हवी आहे सुट्टी? मी म्हटलं, पर्सनल. तर म्हणतो, "नो इश्यू, पॉलिन आंटी. आय ॲम फ्लेक्सिबल."

फ्लेक्सिबल! काय हा माज. शारजात जन्मलेला मराठी मुलगा, सगळं मराठी कळतं, उत्तर अर्धं इंग्लिशमध्ये. आणि आंटी कोणाला? माझ्या केसांना अजून मेंदी कधीकधीच लागते.

घरी कॅस्मिरला सांगितलं. नवरा म्हणून त्याने चिडायला हवं होतं. तो म्हणाला, आईचं सांगून टाक ना त्याला सरळ. कॅस्मिर हॉटेलच्या किचनमध्ये आहे. तिथे सगळं ओरडून मागतात. ऑफिसं वेगळी असतात.

६ फेब्रुवारी, मंगळवार

पॅन्ट्रीत वाद. टीमची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. एक लाल, एक निळी. हम्माद सर लालवाले. अकाउंट्सचा अक्रम जेवणापर्यंत निळा, जेवणानंतर लाल. देवांश म्हणाला, लालच. निळ्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य माणूस, त्याचा घोटा दुखावला आहे. मग आकडे, टक्के, मागच्या पाच मॅचेस.

मी म्हटलं, निळे.

का, म्हणाले.

मी खरं कारण दिलं. निळ्यांचा कोच हुबेहूब माझ्या सासऱ्यांसारखा दिसतो. ओठ तसेच मिटलेले. असा माणूस हरत नाही, घरातल्या सगळ्यांना हरवतो. लग्नापासून बघते आहे.

सगळे हसले. अक्रमच्या नाकातून चहा आला. देवांश म्हणाला, "बट आंटी, डेटा काय आहे?"

तेव्हा मी शांतपणे सांगितलं, ज्याचा अंदाज बरोबर, मार्चची सुट्टी त्याची.

हम्माद सर म्हणाले, इथे पैशाची पैज चालणार नाही, हराम आहे, शिवाय नोकरी जाईल. मग जरा विचार करून म्हणाले, सुट्टी म्हणजे पैसा नाही. त्यांना मजा आली होती, दिसत होतं. देवांशने विचारलं, आर यू शुअर? मी म्हटलं, खलास, ठरलं.

मी चिडले नव्हते. एसीचा आवाज फार असतो, म्हणून मोठ्याने बोलावं लागतं.

८ फेब्रुवारी, गुरुवार

संकल्प: रोज एक तास खेळाचा अभ्यास.

आठ मिनिटं बघितलं. चार संधींत दहा यार्ड पुढे जायचं. बाकी ढकलाढकली. समजलं. निळेच.

आईचा फोन. तिकीट काढलंस का? काढते आहे, म्हटलं. तिने हॉस्पिटलसाठी नवा गाऊन घेतला आहे. शेजारच्या चार घरांत सांगून झालं आहे की पॉलिन येणार. डॉक्टरलाही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, छान.

बोलता बोलता मैदानावरच्या त्या वाक्याची आठवण करून दिली. आई हसत सुटली. म्हणाली, "अगं, तू दोन्ही आळ्यांना सांगायचीस, तुम्हीच जिंकणार. म्हणून म्हणायचे मी, हिला विचारा."

वयाने स्मरणशक्ती जाते. गुडघ्याबरोबर तेही दाखवून घ्यायला हवं.

बुधवारपासून ईस्टरआधीचा उपवासकाळ, दर वर्षी त्यात एक सवय सोडायची. यंदा राग सोडायचा. म्हणजे अजून हातात थोडे दिवस आहेत.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

देवांश माझ्यासाठी करक चहा घेऊन टेबलाशी आला. म्हणाला, "आंटी, काही सीरियस असेल तर सांगा. वी कॅन कॅन्सल धिस." तेही अक्रमच्या देखत.

घाबरला आहे. आकडे डळमळले असणार. मी म्हटलं, जॉर्जियाची बॅग भरू नकोस.

चहा चांगला होता. तो काही त्याने केलेला नव्हता.

११ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये मिस्साला गेलो. जिंकण्यासाठी प्रार्थना करणं बरोबर नाही, म्हणून केली नाही. फक्त घोट्याचा विषय काढला.

मन अगदी शांत. तेवढ्यात गाडीत कॅस्मिरने विचारलं, आणि हरलीस तर? अरे, नवरा आहेस की देवांशचा वकील? ऊद मेथाच्या चर्चपासून अल कुसैसला घरापर्यंत मी बोलत होते. पार्किंग मिळेपर्यंत बोलत होते, म्हणजे बराच वेळ. त्याने एवढंच म्हटलं, की मला मॅचचं काही नाही, मी आईंचं विचारतोय.

मॅच आपल्याकडे पहाटे साडेतीनला. उठून बघणार. अलार्म लावला आहे.

१२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०

अलार्म दुपारी साडेतीनचा लावला गेला होता. फोन कंपनीला लिहिणार आहे.

निळे हरले.

७.२५

हायलाइट्स बघितले. थोडक्यात हरले असते तर अंपायरला बोलता आलं असतं. घोट्याचा काही संबंध नव्हता, तो माणूस हरणासारखा पळत होता. बाकीचे उभे होते. आणि कोच शेवटी लालवाल्या कोचला मिठी मारून चक्क हसला. माझे सासरे मेले तरी हसले नसते. फसवणूक आहे ही.

संध्याकाळी

देवांशने एकही टोमणा मारला नाही. याचाच सर्वांत जास्त राग आला. "यू ओके, आंटी?" एवढंच. मी म्हटलं, मला काय झालंय? मग जेवणाच्या सुट्टीत त्याने स्वतःसकट चौघा मित्रांची तिकिटं काढली. कॅन्सल न होणारी, स्वस्तातली. हम्माद सरांनी माझा खांदा थोपटावा तशी माझी खुर्ची थोपटली.

आईचा फोन. म्हणाली, घाई करू नकोस, विमानात पाय मोकळे राहतील अशी सीट बघ. मी म्हटलं, हो, बघते.

फोन ठेवल्यावर भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आज दिवसभर देवांशवर चिडायचा प्रयत्न केला. त्याने केलं काय, ते आठवत बसले. सुट्टी का हवी, विचारलं. चहा आणला. पुन्हा विचारलं. मॅच झाल्यावरही विचारलं. चिडायला काही सापडलं नाही. उद्या राग सोडायचा आहे, आणि आज तो कुणावर आहे ते मला माहीत आहे.

जेसन म्हणतो, ही तारीख गेली तर जूनपर्यंत नाही. आई म्हणते, तू नसशील तर मग जून. गेल्या आठवड्यात ती जिन्यात बसून राहिली होती, हेही त्यानेच सांगितलं. तिने नाही.

देवांशचं टेबल माझ्यापासून चार पावलांवर आहे. तोंडाने सांगता येईना, म्हणून मेसेज लिहिला आहे. अजून पाठवलेला नाही. मराठीत लिहिला, इंग्लिशमध्ये मला मागता येत नाही:

देवांश, ११ मार्चला माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मी यायच्या आधी ती करून घ्यायला तयार नाही. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पैज मी लावली आणि मी हरले. तुझी तिकिटं झाली, मित्रांची झाली, ती परत होत नाहीत, आणि तू नाही म्हणालास तर त्यात तुझं काहीच चुकणार नाही. नाहीच म्हणशील, मला वाटतं. तरी विचारते. तो आठवडा मला देशील का?